पाठकोरे कागद

डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात सगळे पाठीमागे 'चाबूक' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. लहान मुलांचा तो सरकारी दवाखाना. सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेरची बाकं भरलेली असायची. दुपारपर्यंत ऐंशी-नव्वद पोरं तपासून हातावेगळी करायची, तर ते काही गोडीगुलाबीनं होणारं काम नव्हतं. बाई मूल हातात घेत, उलटंपालटं करून बघत, दोन मिनिटांत निदान करत आणि तिसऱ्या मिनिटाला आईची खरडपट्टी काढत. निदान सहसा चुकत नसे. त्यामुळे खरडपट्टीही बरोबरच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

तशा त्या कामचुकार नव्हत्या. शिंप्याची मुलगी, स्वतःच्या हिमतीवर डॉक्टर झालेली. खासगी दवाखाना काढून बंगला बांधायची संधी दोनदा आली आणि दोनदा त्यांनी ती नाकारली. ताप असला तरी कामावर हजर. नवरा शाळामास्तर, तो थट्टेनं म्हणायचा, "ही घरीसुद्धा माझी जीभ बघूनच चहा देते."

पण वजनात कमी भरणारं मूल समोर आलं की बाईंचं डोकं फिरायचं. "जन्माला घालता, मग खायला घालायला काय होतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग टॉनिकची चिठ्ठी, आणि "पुढची आत या."

त्या दिवशी आत आली ती विशी-बाविशीतली एक पोरसवदा आई. कडेवर चौदा महिन्यांची मुलगी. मान धरायची, बसायची, पण मांड्यांवरची कातडी सैल, आणि डोळे तेवढे मोठे. सिस्टरनं काट्यावर ठेवलं. मागच्या खेपेपेक्षा शंभर ग्रॅम कमी.

"दूध देतेस?" बाईंनी विचारलं.

"देते."

"अंडं?"

"देते."

"भाज्या, कडधान्यं?"

"सगळं देते."

"सगळं देतेस तर मग जातं कुठे? तू खातेस का?"

दार उघडंच होतं. बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. त्या पोरसवदा आईचे कान लाल झाले. तिनं चिठ्ठी घेतली, नीट घडी घातली आणि पोरीला पदराखाली झाकून ती निघाली. दारात सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बादली सरकवून तिला वाट दिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. बाईंना एवढंच दिसलं की फरशी ओली आहे.

"मावशी, भर गर्दीत कसलं पुसत बसलाय?" त्या ओरडल्या.

मावशींनी बादली उचलली आणि त्या गेल्या.

महिन्याभरानं मावशींनी सलग चार दिवस सुट्टी मागितली. बाई कुरकुरल्या. सिस्टर हातातल्या फायली लावत म्हणाली, "त्यांची नात मोठ्या इस्पितळात आहे. जुलाबानं पार गळून गेलीय."

"मग इथे का नाही आणली आधी?"

सिस्टरनं फाईल खाली ठेवली. "आणली होती की. तीन वेळा. ती नाही का बाई, मोठ्या डोळ्यांची... जिच्या आईला तुम्ही म्हणालात, तू खातेस का."

सहा वर्षं मावशी त्यांचं टेबल पुसत होत्या, त्यांना चहा आणून देत होत्या. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"बोलल्या कशा नाहीत त्या?"

"काय बोलणार?" सिस्टर म्हणाली. "आणि कुणाला?"

दुपारी बाई इस्पितळात गेल्या. वॉर्डात तिसऱ्या खाटेवर ती पोर झोपली होती, हाताला सलाईन. आई शेजारच्या स्टुलावर. बाईंना पाहताच ती चटकन उठून उभी राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी. ते उठणं बाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. त्यांनी डॉक्टराला सुचतं तेच विचारलं.

"जुने कागद आहेत का जवळ?"

तिनं उशाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीन चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, एकीलाही सुरकुती नाही. तिन्हींवर टॉनिकचं नाव आणि खाली बाईंची झोकदार सही. बाईंनी शेवटची चिठ्ठी सहज उलटी केली. मागं छापलेलं होतं: 'बालकाचे वजन', पुढे रिकामी रेघ. खाली, 'मातेस व बालकास आहार साहाय्य मिळावे अशी शिफारस करीत आहे.' त्याखाली, 'तपासणाऱ्या डॉक्टरांची सही व शिक्का.' तीही रेघ रिकामी.

बाईंना सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी मदत कार्यालयातून या फॉर्मांचा गठ्ठा आला होता, सोबत एक पत्र. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, पाच वर्षांखालचं मूल, घरची परिस्थिती बेताची असेल तर दर महिन्याला दूध पावडर, अंडी, कडधान्यं, तेल. डॉक्टरनं फक्त वजन भरायचं आणि सही करायची. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता कारकुनीही आम्हीच करायची का?" गठ्ठा कपाटावर गेला. पुढे चिठ्ठ्यांची पॅडं संपली. नवी येईनात. तेव्हा त्यांनीच फर्मावलं, "ते कागद पाठकोरे आहेत, त्यांचे चार-चार तुकडे करून घ्या." आणि ते तुकडे कात्रीनं, दुपारच्या वेळी खाली बसून, एकसारखे कापले होते मावशींनी. मावशींना वाचता येत नव्हतं.

बाई खाटेच्या कडेवर टेकल्या. "दुधाची पावडर किती चमचे घालतेस?"

आई खाली बघत म्हणाली, "डब्यावर चार लिहिलेत. मी दोन घालते. महिना सरत आला की दीड."

"आणि अंडं?"

"आठवड्यातून एखादं. थोरला आहे चार वर्षांचा, तो पण बघत असतो ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, देतेस का. मी देतच होते." तिचा आवाज अगदी साधा होता. "किती देतेस ते तुम्ही विचारलंच नाही."

बाईंनी फॉर्मचं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती हरखेल. तिनं मान हलवली. "नको. आम्ही दोघंही कमावतो. मागायला गेलो तर लोक म्हणतील, स्वतःची पोरं पोसता येत नाहीत. तुम्ही तर म्हणालातच."

तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या नऊ वर्षांच्या होत्या. वडिलांचं शिवणयंत्र विकलं गेलं होतं, आणि आई एका संस्थेच्या दारात रांगेत उभी राहून दूध पावडर आणायची. एकदा त्या बरोबर होत्या, हातात डबा घेऊन. समोरून वर्गातली मैत्रीण आली. तिनं विचारलं, "या कोण?" आणि त्या पटकन म्हणाल्या, "शेजारच्या काकू. त्यांना सोबत म्हणून आलेय."

"आईनं ऐकलं," बाई म्हणाल्या. "घरी येईपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. दूध केलं आणि मला दिलं. मी प्यायले."

पोरीच्या आईनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं. त्यांची मान खाली गेली. मग पोरीच्या आईनंच विचारलं, "त्यात थोरल्याचंही नाव घालता येतं का?"

दुसऱ्या दिवशी कपाटावर उरलेले फॉर्म काढले. जेमतेम तीसेक निघाले. पहिला भरून बाई स्वतः मदत कार्यालयात गेल्या, साध्या कपड्यांत, पांढरा कोट न घालता. दीड तास बाकावर बसून काढला. नंबर आल्यावर कारकून कागदाकडे न बघताच म्हणाला, "शिक्का तिरका आलाय, वाचता येत नाही. उद्या या." बाईंनी आपण कोण ते सांगितलं. लगेच खुर्ची आली, चहा आला आणि तोच तिरका शिक्का चालला. त्या खुर्चीत बसताना बाईंना बाकापेक्षा जास्त टोचलं. त्यांच्या आधी तीन आया "उद्या या" ऐकून मुकाट्यानं परतल्या होत्या.

मावशी कामावर आल्या तेव्हा बाईंनी दार लावून घेतलं. "मावशी, त्या दिवशी तुम्ही दारात होतात."

"होते."

"माझं चुकलं. फार चुकलं."

मावशी फडकं पिळत राहिल्या. "सून रडली नाही हो बाई. मीच रडले. कागद मी कापले होते ना. तिनं घरी वाचून दाखवलं, मागं काय लिहिलंय ते. एवढा तुकडाच होता, उरलेलं कुणाच्या घरी गेलं कोण जाणे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि तरी रोज टेबल पुसलं जात होतं.

"तुमचा आवाज मोठा आहे," मावशी म्हणाल्या. "तो तिकडे ऑफिसात लावा. इथे नका लावू." आणि बादली घेऊन त्या फरशीकडे वळल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पुढेही कधी नाही.

बाईंनी आवाज लावला. महिनाभर कार्यालयात खेटे घालून, वरपर्यंत लिहून, त्यांनी तिथल्या एका बाईला आठवड्यातून दोन सकाळी दवाखान्यात बसवून घेतलं, इंजेक्शनच्या खोलीत, पडद्याआड. आईनं इकडून उठायचं, दहा पावलं चालायचं, अर्ज करून घरी जायचं. आणि तपासताना दार लावून बाई प्रत्येकीला दोन प्रश्न विचारू लागल्या: गेल्या महिन्यात घरातलं खाणं संपेल अशी धास्ती वाटली का? आणि संपलं, पण आणायची सोय नव्हती, असं झालं का? प्रत्येकीला विचारायचं, मोटारीतून उतरलेलीलाही. म्हणजे मग विचारलं म्हणून कुणी कमी ठरत नाही. मोटारीतून आलेल्या एकीनं एकदा "झालं" म्हटलं, तेव्हा बाईंनाच धक्का बसला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या चाळीस अर्जांतले अकरा परत आले. एक आई तीन खेपा "छे, आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणत राहिली आणि चौथ्या खेपेला लेकराच्या केसांवरून हात फिरवत हळूच "हो" म्हणाली. मावशींची नात घरी आली, पाच महिन्यांत आठ किलोंच्या वर गेली, भिंतीला धरून चालू लागली. पण तक्त्यावरची उंचीची रेघ मागंच राहिली. ती पूर्ण भरून निघेल का, हे बाई खात्रीनं सांगू शकत नव्हत्या, आणि तिच्या आईनं विचारलं तेव्हा त्यांनी खोटंही सांगितलं नाही.

मग त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. वजनात कमी भरलेली आणि नंतर न आलेली मुलं शोधली. शनिवारी दुपारी सिस्टरला घेऊन पत्ते धुंडाळू लागल्या. काही दारं उघडली. काही घरांतली माणसं केव्हाच दुसरीकडे राहायला गेली होती. एका दारातल्या बाईनं त्यांना ओळखलं आणि "आता बरा आहे तो" एवढं म्हणून कडी लावून घेतली. बाई त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग सिस्टर म्हणाली, "चला."

चार वर्षांनी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर शिकायला आला. दोन प्रश्न, पडद्यामागची अर्जवाली बाई, सगळं बघून तो भारावला. "मॅडम, किती छान पद्धत आहे! किती वर्षं चालू आहे?"

"चार," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"एकोणीस."

त्यानं मनात वजाबाकी केली आणि त्याचं हसू मावळलं. बाईंनी दाराकडे पाहून पुढच्या आईला आत बोलावलं आणि तिला बसायला स्टूल पुढे केलं.