कानबाईच्या मिरवणुकीतली सनई

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सातारा जिल्ह्यातला सर्वांत बेसूर गृहस्थ, म्हणजे प्रस्तुत लेखक, खानदेशातल्या सनईला आधार देण्यासाठी श्रावणातल्या एका सोमवारी जळगावहून भडगावच्या एस.टी.त बसला. आधार म्हणजे दोन कान आणि घशातून निघेल तेवढी ‘वाहवा’.

आमंत्रण नानांचं. धुळ्यातल्या एका लग्नात पंगतींच्या गोंगाटात त्यांची सनई कुणीच ऐकत नव्हतं. मी खांबाला टेकून ऐकली होती. तेव्हा म्हणाले, “कानबाईले या भाऊ. तठे मन लाईसन वाजाडस मी.” (तिथं मन लावून वाजवतो.)

कानबाई ही खानदेशातली घरची देवी. रविवारी बसते, सोमवारी तिला डोक्यावर घेऊन बाया नदीवर निघतात. दारोदारी ओवाळणी होते, आणि ती संपेपर्यंत सनईवाला सूर सोडत नाही.

भडगावच्या अलीकडे फाट्यावर उतरलो, तर कपाशीपलीकडून सनई ऐकू आली. धावलो. काळ्या मातीनं डावी चप्पल ठेवून घेतली. एका चपलेनिशी गावात शिरून पाहतो तो सनई हातगाडीवरच्या कर्ण्यातून वाजत होती, आणि नाना कडुलिंबाखाली उभे. गावाच्या सुरतकर जावईबापूंनी गेल्या वर्षीची अख्खी मिरवणूक टेप केली होती. यंदा नानांना बोलावणंच नव्हतं.

तरी सनई बगलेत होती. मला पाहून नुसते हसले, बोलले नाहीत. सनईला लावायची पत्ती ओली राहावी म्हणून त्यांनी तोंडात धरली होती. न जाणो, कुणी हाक मारली तर.

मी देवी डोक्यावर घेणाऱ्या मानकरीण अक्कांकडे नानांसाठी वकिली केली.

“आठे नानाच तर वाजाडी ऱ्हायनात,” अक्का मायेनं म्हणाल्या. “आवंदा बसू द्या त्यास्ले.” (इथं नानाच तर वाजवताहेत. यंदा बसू द्या त्यांना.)

दुसऱ्या गल्लीत घोटाळा झाला. गेल्या वर्षी कुलूप असलेल्या घरात यंदा नवी सून आली होती, तिची ओवाळणी लांबली. कॅसेटला त्याचं काय? देवी अजून दारात आणि कर्ण्यातून नदीवरचा निरोप सुरू. बायांनी जावईबापूंना असं फैलावर घेतलं की त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. गल्ली गप्प झाली. नानांनी पत्ती काढली, सनईला बसवली, ओठांशी नेली. तेवढ्यात कॅसेट खाटकन सुरू झाली. नानांनी पत्ती पुन्हा तोंडात ठेवली. देवी तशीच गिरणा नदीत गेली.

दुपारी पुरणपोळी आणि खीर मिळाली. रोट (देवीचा नैवेद्य) फक्त भाऊबंदांनीच खायचे, म्हणून मी आणि नाना ओट्यावर. येणारा-जाणारा नानांना सांगत होता, ‘आज काय वाजवलंत!’ नाना मान डोलवत होते.

संध्याकाळी फाट्यावर सोडायला आले. वाटेत माझी चप्पलही त्यांनीच चिखलातून उपसून दिली. आधार द्यायला आलेला मी, पायात चप्पल चढवून परत निघालो होतो. नानांची सनई बगलेत होती तशीच होती.

एस.टी. दिसली, तेवढ्यात जावईबापू लूनावरून आले. पाहुण्यांना भेट म्हणून कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, आता मन होईल तेव्हा नाना ऐका.

नानांनी तोंडातली पत्ती काढली.

“अरे, पन मी आठेच उभा शे ना.”