पूर्णाकाठच्या भुरीनं घेतलेली माझी परीक्षा

वऱ्हाडात नुसतं फिरायला म्हणून आमच्या फलटणकडचं कोणी गेलेलं मी ऐकलं नाही. मीही म्हशीसाठीच गेलो. आमच्या गोठ्यात सगळ्या होल्स्टिन गायी. दूध बादल्या भरभरून, चवीला मात्र पांढरं पाणी. पूर्णा नदीच्या काठाला भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस मिळते, ऊन सोसते, कमी चाऱ्यावर भागवते, दुधाला जाड साय धरते, असं वाचलं आणि डोक्यात किडा शिरला.

"इथल्या म्हशी काय मेल्यात व्हय?" आमचे आप्पा, म्हणजे वडील, म्हणाले. "तिकडची म्हस इथं दूध देणार न्हाई. दिलं तर गोठा तुझ्या हातात. न्हाईतर मी सांगीन तसं गप गुमान करायचं."

पाच वर्षं मी गोठा माझ्या पद्धतीनं करायचा म्हणतोय आणि माणूस ते एका म्हशीवर सोडून मोकळा झाला.

लोणंदहून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडली. स्लीपरचं तिकीट खिशाला झेपतं, वरच्या बर्थवाल्याचे पाय झेपत नाहीत. सकाळी अकोल्याला उतरलो, स्टेशनबाहेर कचोरी आणि तळलेली मिरची हाणली आणि दर्यापूरची एसटी धरली. जायचं तर थंडीत जा. उन्हाळ्यात गेलात तर जे काही भाजाल ते तुमचं तुम्ही बघा. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा आणि काळीभोर सपाट जमीन, डोंगर म्हणून औषधाला नाही. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट आहे.

बसमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठून आले?"

"फलटणहून."

"काहून?"

"म्हैस घ्यायला."

काकांनी ही बातमी अख्ख्या बसला दिली. दर्यापूर येईपर्यंत निम्म्या बसनं मला आपापल्या मेहुण्याच्या म्हशी सुचवल्या.

मला जायचं होतं दर्यापूरजवळच्या खेड्यात, वच्छलाबाईंकडे. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांचा पत्ता दिला होता. बाईंनी साठी कधीच ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले, मुलगा अमरावतीच्या फ्लॅटवर न्यायला टपलेला. दावणीला एकच म्हैस उरलेली, तिचं नाव भुरी. मी नमस्काराला हात जोडले, तर बाईंनी ते उलटे करून तळवे पाहिले.

"हातानं दूध काढतं का तू?"

"आमच्याकडं मशीन आहे."

"मंग मशीनलेच पाठवाचं होतं. तू काहून आला?"

तिकडची रीत अशी, की गिऱ्हाइकानं तीन वेळा स्वतः धार काढायची, मगच सौदा. रीत आमच्याकडेही होती. हल्ली आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून जनावरं घेतो आणि नंतर कपाळ बडवतो. बाई म्हणाल्या, "तुह्या हाताले तिनं पान्हा सोडला तं घेऊन जाय. नाई सोडला तं मी तिले तिकडं उपाशी मारू का?"

संध्याकाळी बसलो. भुरीनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं बँकेचा साहेब कर्ज मागणाऱ्याकडे पाहतो. मी "ये गं राणी, ये गं बाय" करत कास कुरवाळली. दोन्ही हातांचे अंगठे भरून आले, दूध मात्र मांजराच्या वाटीएवढं. मग वच्छलाबाई कुथत माझ्या जागी बसल्या.

"काहून वं भवाने, सोंगं करून राह्यली का? ढेप खातानी लाज नाई वाटत, आन दूध देतानी आंग चोरतं?"

ढेप म्हणजे सरकीची पेंड. हा उद्धार कानावर पडताच भुरीनं कान पाडले आणि बादलीत धारा वाजायला लागल्या. ही म्हैस लाडाची नव्हती, शिव्यांची होती.

त्यांच्या ओसरीवर झोपलो. जेवायला भाकरी, झणझणीत झुणका आणि वर कच्चं तेल, त्याचे पैसे विचारले तर बोलणी खाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही भुरीला भवानी म्हणून पाहिलं, पण परक्याच्या घरी भीत भीत दिलेली शिवी ती, म्हशीनं हुंगलीसुद्धा नाही. पुन्हा नापास. मी बॅग भरायला घेतली. आप्पांचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि खरंच रडू यायचं बाकी राहिलं.

"बॅग ठेव," बाई म्हणाल्या. "अमरावती फिरून ये दिवसभर. येतानी दावं आणजो. माह्यं दावं मी देत नाई, दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते."

नापास पोराला दावं आणायला सांगितलं, म्हणजे बाईंच्या मनात काहीतरी होतं. त्या खुशीत अमरावतीला गिला वडा खाल्ला. ताकात बुडवलेला वडा, वर तिखट. तुम्हीही खा, एकावर थांबता येत नाही. नायलॉनचं दावं टाळून चांगलं सुताचं घेतलं.

संध्याकाळची शेवटची पाळी. भुरीनं पुन्हा पान्हा चोरला आणि माझं डोकं फिरलं. "काहून वं भवाने? तिकडं म्हातारा माझ्यावर हसायला टपलाय, इकडं तू नखरे करून राह्यली? पाच वर्षं शेण मी काढतो, आन हुकूम त्याचे?" आणखी बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. थांबलो तेव्हा बादली अर्धी झाली होती.

"आता जमते," बाई म्हणाल्या. भुरीचं जुनं दावं सोडून पदराखाली धरलं आणि घरात गेल्या, त्या भुरीला घेऊन माझी भाड्याची पिकअप निघाली तरी बाहेर आल्या नाहीत.

जनावर आणायचं तर डॉक्टरचा दाखला जवळ ठेवा आणि वाटेत थांबून पाणी पाजा. गाडीभाडं सणसणीत बसतं.

घरी पोचलो आणि भुरीनं पुन्हा पान्हा चोरला. आप्पा बाजेवर बसून बघायचे, आणि त्यांच्यासमोर माझा आवाज फुटेना. आमच्या घरात ओरडायचा मान त्यांचा. "सांगितलं हुतं," ते रोज म्हणायचे. शेवटी भुरीला परत धाडायचं म्हणून मी पिकअपवाल्याचा नंबर काढून ठेवला.

एका सकाळी गोठ्याकडे निघालो तर आतून आवाज आला. "काहून वं भवाने, सोंगं करून ऱ्हायलीस व्हय?" जेवताना मी सांगितलेलं म्हाताऱ्यानं शब्दन् शब्द लक्षात ठेवलं होतं. बादली फेसानं भरली होती.

"बघतोस काय, दुसरी बादली आण," आप्पा म्हणाले. मग म्हशीकडे बघतच, "गोठ्याचं तू बघ. हिचं मी बघतो."

वच्छलाबाईंना फोन लावला आणि आप्पांचं ओरडणं ऐकवलं. त्या आता मुलाच्या फ्लॅटवर राहतात. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"बरं बोलते तुहा बाप," म्हणाल्या. "मले इथं करमत नाई रे. खेकसाले कोणीच नाई."

"सुनेवर खेकसा की."

"थे कुठं दूध देते?"