शर्मिष्ठेतला जोडीदार आणि आमचं रजिस्टर

निवृत्त माणसं एकत्र आली की बीपी, पेन्शन आणि सुना या तीन विषयांवर बोलतात. आमची मंडळी आकाश पाहते, तरी किस्से साचतातच. आकाश बिचारं गप्प असतं. साचतं ते खालच्यांचं बोलणं.

आम्ही चौघं. अमरावतीचे सर, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले, दुर्बीण त्यांची. अकोल्याचे सुरेशराव, बँकेतून निवृत्त. वलगावचे बबनराव, त्यांच्या फुलकोबीच्या वावरात अंधार चांगला, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी बैठक तिथं. चौथा मी, जन्माचा क्लार्क. म्हणून मंडळाला रजिस्टर आहे!

*

दिवाळीनंतर सरांनी शर्मिष्ठा तारकासमूहातला एक तारा दुर्बिणीत लावला. "दिसतो एक, आहेत दोन. मोठा पिवळा, आपल्या सूर्यासारखा. शेजारी त्याचा जोडीदार, मंद लाल बटू तारा. आपल्यापासून एकोणीस प्रकाशवर्षं, म्हणजे अगदी जवळ!"

"हा उजेड निघाला तेव्हा मी नोकरीत होतो," मी म्हणालो.

"तवा जागे होते काय तुमी?" बबनरावांनी विचारलं.

*

सुरेशरावांना लाल बटूचं फार कुतूहल. एवढा मिणमिणता, मग टिकतो कसा?

"मिणमिणता जळतो म्हणूनच टिकतो. भपकेबाज तारे आधी संपतात," सर म्हणाले.

सुरेशराव विचारात पडले. "आमच्या ब्रँचचे मॅनेजर बदलत गेले, शिपाई तोच राहिला. आत्ता कळलं!"

*

एकदा बबनरावांच्या घरच्या, शांताबाई, चहा घेऊन आल्या. सरांनी त्यांना सांगितलं, हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एका फेऱ्याला साधारण चारशे ऐंशी वर्षं.

"येवढ्यात भांडण नाई होत?"

"अंतर राखून असतात."

"मंग बरोबर हाय!"

*

रजिस्टरचा नियम असा: जोडीदार कोणत्या बाजूला दिसला ते चौकटीत टिंब देऊन दाखवायचं, खाली सही. पहिल्याच गुरुवारी सर, सुरेशराव आणि मी, तिघांची टिंबं एका जागी पडली. सरांच्या पुस्तकातल्या आकृतीत होतं, नेमकं तिथंच!

बबनराव डोळा लावून बसले. "मले त एकच दिसून रायला."

"नीट पाहा. डावीकडे, वर."

"एकच हाय, सर."

तीन गुरुवार हेच. सुरेशराव वैतागले, "द्या ना टिंब अन् करा सही!"

"न पायता कसं देऊ?"

पण बबनरावांच्या मनाला लागलं. तिघांना दिसतं ते आपल्याला नाही, म्हणजे डोळाच गेला! फुलकोबी निघेपर्यंत पुढे ढकललेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतलं. शांताबाईंचा मला फोन आला, "भाऊ, आता नाई दिसला त ह्यायचं मन कायतच लागणार नाई."

*

महिनाभरानं बबनराव पुन्हा दुर्बिणीपाशी बसले. मग हळूच, "हाय! लहानसा, तांबूस. राखेत निखारा रायते ना, तसा."

आणि त्यांनी टिंब दिलं. बरोबर उलट बाजूला! उजवीकडे, खाली.

सुरेशराव हसले. चहा घेऊन आलेल्या शांताबाईंचा चेहरा उतरला. सर समजावू लागले, "बबनराव, पुस्तकात डावीकडे वर आहे."

"पुस्तकात असंन. मले इथं दिसला."

सरांनी स्वतः डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग दुर्बीण गावाच्या पाण्याच्या टाकीवर वळवली. मी पाहिलं. टाकीवरचा दिवा खाली, खांब वर! आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे सरांनी जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. पुस्तकातली आकृती सुलटी होती.

मी रजिस्टर पुढे केलं. बबनरावांनी सावकाश सही केली. मग मागची पानं उलटली, आमची तिघांची टिंबं पाहिली आणि म्हणाले,

"डागदर लय चांगला हाय. पत्ता देऊ काय तुमाले?"