दादाचा आवाज आणि गुडघ्यांचं तेल

माझा मोठा भाऊ भीमगीतं गायचा. कारंज्यापासून तळेगावपर्यंतच्या गावांत त्याला बोलावणं असायचं. पोट हायवेवरच्या टायरच्या दुकानावर चालायचं, पण लोक त्याला ओळखायचे ते आवाजावरून. एका कार्यक्रमाहून परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. तो गेला. लोकांनी यूट्यूबवर टाकलेली त्याची गाणी राहिली.

माय कारंज्यातच एकटी राहिली. माझी नोकरी वर्ध्यात, म्हणून मी सुटीला जायची. मागच्या हिवाळ्यात अशीच गेले, तर तिच्या दोन्ही गुडघ्यांवर फोड आलेले.

"हे काय लावलं वं माय?"

"तेल हाय. शेजारणीनं मोबाइलवरून बोलावून देल्लं."

"डॉक्टरले नाई का विचारायचं?"

"त्यानं सांगतलं म्हणून लावलं."

"कोणं?"

"तुह्या भावानं."

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तेवढ्यात शेजारीण मोबाइल घेऊन आली. तेलाची जाहिरात होती. पांढरा कोट घातलेला कुणी माणूस ओठ हलवत होता आणि आवाज दादाचा येत होता. "आई, तुझे गुडघे दुखतात ना? आता सहन करू नकोस." तोच किंचित बसलेला गळा, शब्दाचा शेवट ओढायची तीच सवय. दादा असं पुस्तकी कधी बोलला नाही. तिला तो माय म्हणायचा, आई नव्हे. तरी माझ्या अंगावर काटा आला, आणि मीच ते परत लावलं.

वर्ध्याला परतल्यावर मी एका वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दादाच्या यूट्यूबवरच्या गाण्यांवरून कॉम्प्युटरनं हा आवाज बनवला असणार, म्हणाले. "मोठ्या नटांच्या, गायकांच्या आवाजासाठी कोर्टानं अलीकडे आदेश दिले आहेत, मॅडम. पण तुमचा भाऊ हयात नाही. गेलेल्या माणसाच्या आवाजावर हक्क कोणाचा, हे कायद्यात अजून धड ठरलेलं नाही. ते भांडण लांबेल. ग्राहक खात्याकडे तेलाची तक्रार करा. फसवी जाहिरात म्हणून ती लगेच घेतील. आई ग्राहक आहेत ना?"

म्हणजे कायद्याच्या लेखी माय तेलाची गिऱ्हाईक होती. त्या आवाजाची ती कोण, हे लिहायला तक्रारीत जागाच नव्हती. मी फोडांचे फोटो जोडले, बाटलीचा फोटो जोडला. बाटलीवरचा पत्ता खोटा निघाला. कंपनी कुणालाच सापडली नाही, पण जाहिरात मात्र काढली गेली. वकिलांनी फोन करून अभिनंदन केलं.

मी आनंदानं मायला सांगायला गेले. ती शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"काऊन बंद केलं?"

"तो दादा नव्हता, माय. मशीन होतं ते."

"मले मालूम हाय."

"मग?"

ती परत शेंगा सोलू लागली. मी मोबाइलवर दादाचं खरं गाणं लावलं. ढोलकी, टाळ्या, मधेच लोकांचा जयघोष. तिनं हातानंच बंद कर म्हणून खुणावलं.

"गाण्यात तो सगळ्यायचा होता," ती म्हणाली. "त्या तेलाच्यात माह्या एकटीसंग बोलून राह्यला होता."

तिच्या गुडघ्यांना मलम लावून मी संध्याकाळच्या बसनं निघाले. बसमध्ये दादाचं बोलणं आठवून पाहिलं. रागावला की कसा बोलायचा, मला हाक कशी मारायचा. काहीच नीट ऐकू येईना. डोक्यात यायचं ते तेलाचंच वाक्य.

अजूनही तसंच होतं. मायला हे मी सांगितलेलं नाही.