पाळकबंगल्याच्या बाई

सव्वीस वर्षं बाई त्या बंगल्यात राहिल्या, पण भिंतीला एक खिळा मारला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं आणि लग्नाचा फोटो कपाटावर टेकवलेला. आम्ही पोरं विचारायचो तेव्हा म्हणायच्या, "घर आपलं न्हाय, चर्चच्या मंडळीचं हाय. उद्या दुसरी बाई येणार, तिला भोकं कशाला दाखवायची?"

आजऱ्याकडच्या आमच्या लहानशा गावात, चर्चच्या मागे, जांभ्या दगडाचा हा बंगला. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हे बाईंचे यजमान. साहेबांचा उपदेश रविवारी, बाईंचा मात्र आठवडाभर चालायचा. संडे स्कूलमध्ये कुणी वचन पुटपुटलं की म्हणायच्या, "पोटातल्या पोटात बोलू नगंस. देव काय तुझ्या पोटात बसलाय व्हय?" पोराला ताप आला की हिंदू शेजारणीसुद्धा आधी बाईंच्या ओसरीवर यायच्या, मग दवाखान्यात जायच्या.

बंगल्याचा इतिहास त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. चर्चमधल्या संगमरवरी पाटीवर आजवरच्या पाळकांची नावं आहेत. बाई पाळकांच्या बायकांची नावं सांगायच्या. "ही चूल रूथबाईंनी घातली. मागचा फणस शांताबाईंचा." त्या दोघींचे यजमान इथंच वारले होते. पाळक वारला की त्याच्या माणसांनी महिन्याभरात बंगला सोडायचा, हा जुना नियम. रूथबाई भावाच्या दारात गेल्या आणि जन्मभर भावजयीची बोलणी खात राहिल्या. शांताबाई कोल्हापुरात परक्यांची धुणी धूत म्हाताऱ्या झाल्या. बाई हे सगळं तांदूळ निवडता निवडता सांगायच्या, आवाज न चढवता.

मग आमचे साहेब गेले. बाईंना मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. आणि चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी कोण, तर मी. ज्याला त्यांनी बाराखडी आणि बायबल दोन्ही शिकवलं, तो. खोटं कशाला बोलू, बंगला सोडायचं पत्र पोस्टानं धाडून मोकळं व्हावं असंही मनात आलं होतं. शेवटी गेलो. पायरीवर उभा राहूनच पाकीट पुढं केलं. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला आत बसवून चहा दिला.

"माझं जाऊ दे लेका," त्या म्हणाल्या. "मला ठावंच होतं. पण महिना लई कमी हाय रं. माणूस मातीत ठेवून आलेली बाई, तिला आधी रडायला तरी येळ पायजे. पुढच्या बाईला वरीसभर ऱ्हाऊ द्या. एवढं लिहून घे की कमिटीकडनं."

मी हो म्हणालो. बाई एस. टी. स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेल्या. मी विषय सभेत मांडला. एक म्हणाला, पुढच्या सभेत बघू. दुसरा म्हणाला, वरून परवानगी लागेल. मी भांडायला हवं होतं. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत बसलो. असं दोन वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या ओल्या खोलीत बाईंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत त्या गेल्या. मला कळलं तेव्हा शेजारच्या बायकांनी त्यांचे डोळेही मिटले होते.

त्यानंतरच्या सभेत वर्षभराच्या मुदतीचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला.

नव्या पाळकांच्या पत्नीनं परवा कमिटीचे जुने कागद चाळताना ठराव वाचला. मला विचारलं, "काका, हा नियम कुणासाठी केला होता?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो.

खरं तेच होतं. बाईंसाठी आम्ही काहीच केलं नव्हतं.