राहुकाळात मुलुंड ते बोरिवली

लोक लडाखला जातात, मी आईला घेऊन मुलुंडहून बोरिवलीला गेले. हसू नका! गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही बाई घराबाहेर पडली नव्हती. भीती वाटते असं म्हणेल तर शपथ! कधी अमावास्या, कधी भद्रा, कधी राहुकाळ. न निघायला पंचांगात रोज कारण सापडायचं. पण आता मावशीची वास्तुशांत होती. जन्म भाड्याच्या खोल्यांत काढून घेतलेलं पहिलं स्वतःचं घर, आणि तिचा एकच हट्ट, "कलश घेऊन ताईच आधी आत जाणार."

मुहूर्त सोमवारी सव्वादहाचा. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, म्हणून सातलाच निघायचं ठरलं. दोन टॅक्सीवाल्यांनी ऐन वेळी टांग दिली. तिसरा आला तोवर राहुकाळ लागला होता. आईनं चपला काढल्या आणि खुर्चीत बसली.

"नऊनंतर बघू."

"नऊनंतर पवईत अडकलो तर मुहूर्ताची वाट लागेल, आई!"

"मग तू जा. माझा आशीर्वाद सांग तिला."

डोकं सटकलंच होतं, पण मी आईला पुरती ओळखून आहे. म्हटलं, "तू कधीच निघालीयेस. उजाडताच, अमृत चौघडियात, तुझं प्रस्थान ठेवलंय खालच्या काकूंकडे."

प्रस्थान म्हणजे, निघताना वेळ वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वेळी आपली वस्तू शेजारी नेऊन ठेवायची आणि जाताना उचलायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. आजी कोकणात जाताना हेच करायची. मी आईच्या रुमालात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं होतं.

आई बघतच राहिली. "लबाड कुठली!" मग हळूच म्हणाली, "जिन्यावर हात सोडू नकोस हं."

गुडघेवाल्यांना घेऊन जाणार असाल तर पुढची सीट पार मागे सरकवा. हायवेनं विक्रोळी, तिथून जोगेश्वरीचा लिंक रोड. पवईला तलाव दिसताच आईनं काच खाली केली. "बिल्डिंगी केवढ्या झाल्या गं!" जोगेश्वरीला गाडी हलेना. ड्रायव्हर करवादला, तर आईच त्याला म्हणते, "टेन्शन घेऊ नको रे, आपण केव्हाच निघालोय!"

पोचलो, वेळेत पोचलो! मावशी दारातच उभी होती. आईनं काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांत कलश घेतला आणि उजवा पाय आत टाकला. तोच ऑपरेशनचा पाय. मावशीला रडू आवरेना, आणि मला तर शिट्टी मारावीशी वाटत होती. नंतर वडे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, झकास! आईनं दोनदा वाढून घेतलं.

घरी येऊन आठवडाही झाला नसेल, काकूंनी मला जिन्यात अडवलं. "तुझी आई सकाळी एकटी खाली येऊन हे ठेवून गेली गं." रुमालात तांदूळ, सुपारी, हळकुंड.

मी धावत वर गेले. "आई, कुठे?"

"ते अजून ठरलं नाही," आई म्हणाली. "पण निघालेय."