कोऱ्या गोणीचं छप्पर

सिल्वासातल्या खोलीत आम्हा दोघांना मिळून एक गादी होती. तो धुळ्याकडचा, कारखान्यात रात्रपाळीला. मी त्याच कारखान्यात दिवसपाळीला. मी कामावर निघालो की तो आडवा व्हायचा. संध्याकाळी गादी माझ्या वाट्याला यायची तेव्हा ती दमट आणि कोमट असायची. उशीवर दोघांच्या तेलाचे डाग एकमेकांत मिसळले होते. फक्त माझं असं अंथरूण एका रात्रीपुरतं तरी मला हवं होतं.

सुरंगी गावाजवळच्या जंगलात झुले बांधून रविवारची रात्र काढायची, ही कल्पना त्याची. नायलॉनच्या जाळीचे दोन झुले तयार होते. छपरासाठी आतून प्लास्टिक लावलेल्या गोण्या अथालच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या.

“एकदम कोरी छे,” भंगारवाला म्हणाला.

“घ्या भाऊ, कोऱ्या आहेत. कोणी वापरल्यासुद्धा नाहीत,” माझ्या जोडीदाराने मला मराठीत सांगितलं.

गोण्या उसवून आम्ही दोन छपरं शिवली. छपराच्या कोपऱ्यात गोटा गुंडाळून गोट्याखाली दोरी आवळली, म्हणजे कापड फाटत नाही. झुल्याच्या दोरीवरून येणारं पाणी झुल्याआधीच गळावं म्हणून दोरीला चिंधी बांधली. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या झुल्याखाली लटकवल्या. माझ्या पिशवीत धुतलेली चादर, त्याच्या पिशवीत भाकऱ्या.

रविवारी संध्याकाळी पाऊस आला. छपरातून पाणी गळलं नाही, पण भिजलेल्या शिवणींना वास सुटला. दुमडीतून करडा चिखल ओघळून माझ्या मानेवर पडला. तो सुक्या मासळीचा भुगा होता. चादर बाहेर काढली तर तिच्या घडीत केसाळ अळ्या वळवळत होत्या.

“कोरी म्हणाला ना तो!” पलीकडच्या झुल्यातून तो ओरडला.

गुजरातीत कोरी म्हणजे कोरडी. ‘फरशी कोरी करो’ हे आम्ही दोघं कारखान्यात रोज ऐकत होतो.

“भाकरीलाही लागलंय का?” मी विचारलं.

“बोंबील समजून खा.”

 झुले तिथेच सोडून आम्ही चिखलातून परतलो. खोलीतल्या नळाला पाणी नव्हतं. मी अंग पुसून जमिनीवर पडलो आणि सकाळी कामावर गेलो. तो तसाच, न धुता, गादीवर झोपला.

संध्याकाळी गादी मला मिळाली. दमट, कोमट, आणि मासळीच्या वासाची. उशी उलटली. खाली एक अळी होती, जिवंत.